तुझ्या उजव्या डोळ्याबद्दल

सुभाष,

बाजरीचं कुसळ डोळ्यात गेलं म्हणून तू माझ्या मेडिकलमध्ये आलास, त्या दुपारी मी तुला थेंबांची जी छोटी बाटली दिली तिच्यात स्टेरॉइड होतं. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. तू ती बाटली मागितलीही नव्हतीस. मीच फळीवरून काढली आणि तुझ्या हातात ठेवली. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नगरच्या डॉक्टर मॅडमनी समोर बसवून विचारलं तेव्हा नाही, शोभावहिनींना नाही, माझ्या घरात नाही. तुलाही नाही, आणि तुला सांगायला तर मला पाच वर्षं मिळाली होती.

तू गेल्याला आज सोळा दिवस झाले. प्रज्ञा तुझ्यावर एक छोटी पुस्तिका काढतेय. "काका, पप्पांचे सगळ्यात जुने मित्र तुम्ही. दोन पानं लिहून द्या," म्हणाली. तुझा जन्म कुठला, शाळा कुठली, पहिला बोर्ड कुठं रंगवलास, ते सगळं लेक लिहिणार आहे. माझ्याकडून तिला आठवणी हव्यात. मी तीन वेळा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा 'हसतमुख', 'मनमिळाऊ' असले शब्द लिहून कागद फाडला. तू हसतमुख नव्हतास, खवचट होतास. आणि माझ्याकडं तुझ्या आठवणी म्हणून जे काही आहे त्याच्या मधोमध ती बाटली आहे. तिला वळसा घालून लिहायला गेलो तर लिहिण्यासारखं काही उरतच नाही.

परवा विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिसरण-पंचशील झालं, तुझ्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, चार लोक बोलले. माझ्याकडं माईक आला. मी म्हणालो, "सुभाष चांगला पेंटर होता. चांगला मित्र होता." आणि बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. नंतर पंगतीत तुझी चुलती, गयाबाई, पुन्हा तेच बोलली. "त्याचा डोळा शाबूत आसता तर पाय निसटला नस्ता. हिनं पदरानं डोळा पुसला आन् तितनं सगळं बिगडलं." शोभावहिनी भात वाढत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. त्या पानावर भात वाढला, पुढच्या पानावर वाढला, तशाच पुढं गेल्या. मी गयाबाईच्या शेजारीच बसलो होतो. मी भात कालवला आणि जेवलो.

म्हणून हे लिहितोय.

तुझ्या भावाच्या रानात बाजरीची मळणी चालू होती. यंत्रापाशी उभं राहायला माणूस कमी पडला, तुझ्याकडं बोर्डाचं काम नव्हतं, म्हणून तू गेलास. कुसळ उडालं आणि उजव्या डोळ्यात बसलं. वहिनींनी तुला बांधावर बसवलं, पापणी उलटली, फुंकर मारली आणि पदराच्या टोकानं कुसळ काढलं. आपल्याकडं रानात कुणीही हेच करतं. माझ्या आईनं माझ्या डोळ्यातलं असंच कितीदा तरी काढलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू आलास. पायरीवरूनच ओरडलास, "जयभीम डाक्टर! हाय का कुनी जिवंत?" मग काउंटरवर वाकलास, बोटानं खालची पापणी ओढलीस आणि डोळा माझ्यापुढं धरलास. आमच्याकडं हीच चिठ्ठी. लोक औषधाचं नाव सांगत नाहीत, दुखतं ते काउंटरवर आणून ठेवतात. कुणी जीभ काढून दाखवतं, कुणी बाही वर करतं. मळणीच्या दिवसांत रोज लाल डोळे यायचे. भुशानं, धुळीनं चुरचुरणारे. मी सगळ्यांना तीच बाटली द्यायचो. लाली एका दिवसात उतरायची. लोक परत येऊन सांगायचे, "तुमचं औषध लई जालीम हाय." लाल डोळा दिसला की माझा हात त्या फळीवर आपोआप जायचा.

"कुसळ गेल्तं," तू म्हणालास. "काढलं हिनं. पन अजून आत हाय आसं वाटतंय."

"आत काही नसतं. ओरखडा असेल. हे टाक, दिवसातून चार वेळा."

"डोळ्याला काय व्हनार न्हाई ना रं? माजं पोट हाय त्याच्यावर."

"दोन दिवसांत पांढरा शुभ्र होतो बघ."

ओरखडा असेल, हे माझ्याच तोंडचे शब्द. ओरखडा असलेल्या डोळ्यात हे थेंब टाकायचे नसतात, हे मला डिप्लोमाला शिकवलं होतं. त्या वेळी ते आठवलं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खरं असं आहे की आठवलं होतं. पुसटसं आलं आणि गेलं. तुझ्या मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती. तुला म्हटलं असतं, नगरला जाऊन डोळ्याच्या डॉक्टरला दाखव, तर तू म्हणाला असतास, "मग तू कशाला बसलायस हितं? गोळ्या मोजायला?" त्या टोमण्याला मी भ्यायलो. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

लाली उतरली. तिसऱ्या दिवशी तू मुद्दाम येऊन डोळा दाखवून गेलास, आपण चहा प्यायलो. आठव्या दिवशी पुन्हा आलास तेव्हा तुला उजेडाकडं बघवत नव्हतं, डोळ्यातून पाणी गळत होतं. मी दुसरी बाटली दिली. तीच. पहिल्या बाटलीला मी चूक म्हणू शकतो, सुभाष. दुसरीला काय म्हणू?

बाराव्या दिवशी वहिनी तुला हाताला धरून घेऊन आल्या. बुबुळावर पांढरा डाग पडला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. "भाऊजी, हे काय झालं हो?" मी दुकान बंद केलं आणि तुम्हां दोघांना गाडीत घालून नगरला निघालो. दत्तानं धंदा सोडून मित्राला नेलं, असं गाव अजून म्हणतं. करंजीचा घाट चढताना मी वहिनींना म्हणालो, "ती बाटली द्या इकडं, डॉक्टरांना दाखवायला लागेल." त्यांनी दिली. मी खिशात घातली. नगरच्या वेशीवरचं भिंगार येईपर्यंत माझं उत्तर तयार झालं होतं.

मॅडमनी तुझी हनुवटी त्या यंत्रावर टेकवली, डोळ्यात पिवळा रंग सोडला, निळा उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "काय काय टाकलंय डोळ्यात? स्टेरॉइडचे थेंब?"

तू माझ्याकडं बोट केलंस. "ह्यो आमचा मेडिकलवाला. त्याला इचारा, त्याला समदं कळतं." अगदी अभिमानानं म्हणालास.

मी म्हणालो, "नाही मॅडम. साधे अँटिबायोटिकचे."

बाटली माझ्या खिशात होती.

त्यांनी डोळा बधिर केला, बारीक पात्यानं डागाच्या कडेचा थर खरवडून काचेच्या पट्टीवर घेतला आणि आत तपासायला पाठवला. थोड्या वेळानं सांगितलं, बुरशी आहे. मग कागदावर चित्र काढून तुला समजावलं. मला ते चित्र अजून दिसतं. डोळ्याच्या पुढच्या बाजूला, घड्याळावर काच असते तसा एक पारदर्शक पडदा असतो. कॉर्निया. बुबुळाचा काळा रंग आपल्याला दिसतो तो या काचेतून. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती इतकी नितळ. आणि रक्त तिथवर पोचत नाही म्हणूनच तिथली जखम हट्टी. पाल्यानं, कुसळानं, उसाच्या पातीनं तिच्यावर ओरखडा गेला की शेतातली बुरशी त्या वाटेनं आत शिरते. "म्हणूनच मी स्टेरॉइडचं विचारलं," मॅडम म्हणाल्या. "त्यानं लाली जाते, ठणका कमी होतो, पेशंट म्हणतो बरं वाटलं. आणि आत बुरशी आरामात वाढत राहते." हे सांगताना त्या तुझ्याकडं बघत नव्हत्या. "बारा दिवसांत इतकी खोल जायला नको होती ही."

मग त्यांनी विचारलं, कुसळ काढलं कसं?

"मी काढलं," वहिनी म्हणाल्या. "पदरानं."

"पदर नाही लावायचा बाई. स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि तडक डॉक्टरकडं यायचं." एवढंच बोलल्या त्या. रागावल्याही नाहीत. पण वहिनींनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. आणि मला त्या क्षणी काय वाटलं तेही लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं.

बुरशी कुसळाबरोबरच गेली असणार, हे मॅडमनी पुढच्या खेपेला आपणहून सांगितलं होतं. तेव्हा खोलीत तू आणि मी होतो, वहिनी बाहेर औषधाच्या रांगेत होत्या. ते वाक्य मी बाहेर नेलं नाही. तू नेलंस की नाही, मला माहीत नाही. गावात मात्र पदराची गोष्ट आपल्या आधी पोचली आणि फुगत गेली. तुझी आई असेपर्यंत रोज एकदा तरी ते ऐकवायची. आई गेली तेव्हा मला वाटलं, आता संपेल. मग गयाबाईनं उचललं.

अडीच महिने औषध चाललं. सुरुवातीला दर तासाला थेंब. दुधासारखं पांढरं औषध, बाटली हलवून टाकायचं. वहिनी मोबाईलवर गजर लावायच्या. शेजारणी सांगायच्या की ही बाई चुलीपुढं बसल्या बसल्या डुलक्या घेते आणि गजर झाला की तवा तसाच टाकून उठते. मी ते औषध पुरवायचो. रोज संध्याकाळी घरी येऊन चौकशी करायचो. वहिनी मला चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही हायेत म्हणून धीर हाय भाऊजी." मी तो चहा प्यायचो.

डोळा राहिला. काढून टाकावा लागेल की काय अशी वेळ आली होती, ती टळली. पण भरलेल्या जखमेच्या जागी काच पांढरी झाली. डोळ्यात फूल पडलं, लोक म्हणायला लागले. उजेड कळायचा, समोर हात हलला तर कळायचं, बाकी काही नाही.

आणि तू कामाला लागलास. पूर्वी ओळ सरळ आली का ते बघायला तू मागं सरकून एक डोळा मिटायचास. मी विचारलं, आता कसं जमतं? "सोपं झालं. आता मिटायची गरज न्हाई, कायमचा मिटलाय." मी हसलो नाही, तर तूच म्हणालास, "हास की रं. डोळा माजा गेलाय, तोंड तुजं का वाकडं?" पण मी बघत होतो. ब्रश डब्यात बुडवायला जायचास आणि तो डब्याच्या काठावर आपटायचा. थिनर ओतताना बाहेर सांडायचं. एका डोळ्याला लांबी-रुंदी कळते, खोली कळत नाही. शिडीवरून उतरताना शेवटच्या दांडीआधी तू पाय हवेत फिरवून जमीन शोधायचास.

फ्लेक्सवरून आपलं भांडण झालं ते याच काळात. तू रंगवलेला माझ्या दुकानाचा बोर्ड काढून मी फ्लेक्स लावला. "दोन उन्हाळं खाईल आन् पांढरा पडंल," तू म्हणालास. मी म्हणालो, सगळ्यांनी लावलेत. तू दीड महिना दुकानात आला नाहीस. तुला वाटलं असेल, हा शेजारच्या दुकानांची बरोबरी करतोय. खरं सांगतो. त्या बोर्डावरची अक्षरं दोन डोळ्यांच्या माणसानं काढली होती. रोज सकाळी कुलूप काढताना ती माझ्याच्यानं वाचवत नव्हती. फ्लेक्स आता पांढरा पडलाय. तू म्हणाला होतास तसाच.

बुबुळाची काच बदलण्यासाठी नाव लावलं आणि नगरच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथल्या बाकांवर तू जितका रमलास तितका लग्नाच्या मांडवातही रमला नसशील. चष्म्याचा नंबर सारखा वाढतोय म्हणून आलेली कॉलेजची पोरगी होती. डोळे चोळून चोळून तिचं बुबुळ शंकूसारखं पुढं आलेलं. तिला औषध आणि किरण देऊन ते जागच्या जागी टणक करणार होते. चुना उडालेला गवंडी होता. मोतीबिंदू काढल्यावर बुबुळ सुजून धुरकट झालेले एक गुरुजी होते, त्यांना फक्त आतला पातळ थर बदलून हवा होता. तू प्रत्येकाची माहिती काढायचास आणि परतीच्या गाडीत मला सांगायचास. "काच समद्यांची येकच, दत्ता. फुटायची तऱ्हा येगळी." मग खिडकीबाहेर बघत विचारलंस, "माजी नेमकी कशानं फुटली आसंल रं? कुसळ तर भावाच्या पोराच्या डोळ्यातबी गेल्तं. त्याला काय झालं न्हाई." मी म्हणालो, नशीब एकेकाचं.

कुणाचा तरी डोळा मिळाला. तुझी पांढरी झालेली काच गोल कापून काढली, तिथं दुसऱ्याची बसवली, केसाहून बारीक धाग्यानं सोळा टाके घातले. पट्टी काढल्यावर पहिले काही दिवस धुरकटच होतं. महिन्याभरानं तपासणीला गेलो तर तू समोरच्या भिंतीवरची पाटी बघून मॅडमना म्हणालास, "मॅडम, ती 'शांतता राखा'ची अक्षरं कुनी काढली? वाकडी हायेत." मॅडम खळखळून हसल्या. वहिनी रडायला लागल्या. मी बाहेर जाऊन गाडीपाशी उभा राहिलो.

त्या दिवशीच्या चिठ्ठीवर थेंबांचं नाव होतं. तेच. शरीरानं दुसऱ्याची काच परकी म्हणून हाकलून लावू नये यासाठी हेच औषध लागतं, महिनोन् महिने. ज्या डोळ्यात ते पडायलाच नको होतं त्याच डोळ्याला आता त्याच्याशिवाय चालणार नव्हतं. मी फळीवरून बाटली काढून तुझ्यापुढं ठेवली. तू ती उचललीस, उजव्या डोळ्यापाशी नेऊन फिरवून पाहिलीस.

"ही वळकीची वाटतीया."

"नाही. ती वेगळी होती," मी म्हणालो.

तू माझ्याकडं पाहिलंस. "आसंल," म्हणालास आणि बाटली खिशात घातलीस.

त्या 'आसंल'चा अर्थ मी आजही लावतोय. तुला कळलं होतं का? कळलं असेल तर शिव्या का दिल्या नाहीस? तू तर लाईट बिलावर नाव चुकलं तरी वायरमनची सात पिढ्यांची उजळणी करायचास. की मी आपणहून सांगेन म्हणून वाट बघितलीस?

पुढं एक दिवस असा आला की तू बाटली न्यायला यायचाच राहिलास. डोळा चांगला दिसतोय, आता कशाला, असं तुला वाटलं असावं. ते थेंब मनानं बंद करायचे नसतात, हे तुला सांगणं माझं काम होतं. महिना झाला, दोन झाले. मला कळत होतं. फळीवर तुझ्यासाठी ठेवलेल्या बाटल्या तशाच होत्या. आपण रोज भेटत होतो, चहा पीत होतो. पण ती बाटली पुन्हा आपल्या दोघांच्या मधे यायला नको, म्हणून मी विषय काढला नाही. मग डोळा लाल झाला, उजेड सोसेना, दिसणं अंधुक झालं. तू टेम्पोवर नावं टाकायला कर्जतला गेला होतास, काम संपवून आठवड्यानं आलास. तोवर उशीर झाला होता. काच पुन्हा पांढरी झाली. आणि वहिनी मला म्हणाल्या, "माझ्या हाताचा गुणच न्हाई, भाऊजी. देवानं दिलेलं मी घालवलं, मानसानं दिलेलंबी टिकलं न्हाई."

त्यानंतर तू नेत्रदानाचा फॉर्म भरलास. मला साक्षीदार म्हणून सही करायला लावलीस. "मला कुनाचा तरी मिळाला, तो म्या सांभाळला न्हाई. पन डावा माजा येक नंबर हाय. तो जाळू नगा."

नगर जिल्ह्याचं नाव बदललं आणि तुला पुन्हा काम मिळालं. शाळांच्या, सोसायट्यांच्या भिंतींवरचं जुनं नाव पुसून नवं लिहायचं. आपल्या शाळेच्या कमानीवर तू 'जि. अहिल्यानगर'मधलं शेवटचं अक्षर पुरं केलंस, ब्रश तोंडात धरलास आणि उतरायला लागलास. उंची फार नव्हती. खाली दगडी ओटा होता. लोक म्हणाले, ऊन होतं, चक्कर आली असेल. तू डोळ्यामुळं पडलास हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तुझा पाय हवेत जमीन शोधताना मी पाहिलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरच्या दवाखान्यात तू गेलास. एक बाई आल्या, नेत्रपेढीच्या. हळू आवाजात बोलल्या. पोस्टमॉर्टेम असलं तरी नेत्रदान होतं, पोलिसांची परवानगी आम्ही घेऊ, फक्त बुबुळाची काच घेतो, चेहरा बिघडत नाही, सहा तासांच्या आत व्हायला हवं. "त्यांचा एक डोळा खराब होता असं कळलं. त्याची थोडी माहिती लागेल. काय झालं होतं, कोणती औषधं." वहिनी माझ्याकडं वळल्या. "भाऊजी, तुम्ही सांगा. ह्यांची इच्छा होती ना?"

मी म्हणालो, "वहिनी, आधीच चिरफाड होणार आहे. अजून कशाला."

त्यांनी मान हलवली. त्या बाईंनी हात जोडले आणि गेल्या. तुझा डावा डोळा मी संध्याकाळी तुझ्याबरोबर जाळू दिला. फॉर्मवर माझी सही होती आणि तो फॉर्म माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये होता. त्या बाईंच्या कागदावर मला पुन्हा एकदा 'साधे अँटिबायोटिकचे' असं लिहून द्यावं लागलं असतं, नाहीतर खरं. दोन्ही मला जमत नव्हतं.

आता मी काउंटरवर डोळ्याला थेंब देत नाही. कुणी पापणी ओढून दाखवली की सांगतो, चोळू नका, तेल, मध, दूध काही घालू नका, स्वच्छ पाण्यानं धुवा आणि आजच्या आज डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा. लाली उतरली म्हणजे बरं झालं असं समजू नका, बुबुळावर पांढरं दिसलं तर एक दिवससुद्धा थांबू नका. लोक शिव्या घालून शेजारच्या दुकानात जातात. यानं तुझं काही भरून येत नाही, हे मला कळतं. मी ती बाटली दिली नसती तर डोळा वाचलाच असता, असं मॅडमही छातीवर हात ठेवून सांगणार नाहीत. पण मी खरं सांगितलं असतं तर वहिनींनी पाच वर्षं मान खाली घातली नसती. हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

तू माझ्यावर विश्वास टाकलास, माझ्या फालतू विनोदांना हसलास, माझ्या पोराच्या लग्नात दारावर फुकट वेलबुट्टी काढलीस आणि दोनदा 'आमचा मेडिकलवाला' म्हणून परक्यांसमोर माझी ओळख करून दिलीस. त्याबद्दल तुझे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. तेही राहिलंच.

ही पानं प्रज्ञाकडं द्यायची आहेत. पण छापलेल्या कागदावरून वहिनींना कळू नये. आधी मी तुझ्या घरी जाणार आहे. गयाबाईला बोलावून घेणार आहे आणि तिच्यादेखत बोलणार आहे. अजून गेलेलो नाही. काल तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो.

तुझ्या डाव्या डोळ्यानं ज्याला दिसलं असतं तो माणूस मला कधी भेटणार नाही. त्याचं देणं माझ्याकडून फिटणार नाही. तुझ्या उजव्याचंही नाही. फेडण्यासारखं एकच उरलंय. वहिनी, तुमच्या पदरानं काही झालं नाही, औषध मी चुकीचं दिलं आणि खोटं बोललो, एवढं त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं देणं मी लागतो.